उमेदवारी : निवडणुकीची नव्हे, कामाची

(वर्धा येथील जिल्हा कार्यकर्ता बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



'उमेदवारी' हा शब्द आज गावात उच्चारला की लोक विचारतात, कोणत्या वॉर्डातून? ग्रामपंचायत, सोसायटी की बाजार समिती? या शब्दाचा दुसरा अर्थ आपण विसरून गेलो आहोत. अमक्याच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी केली, असे जुनी माणसे म्हणत. जाणत्या माणसाजवळ राहायचे, त्याच्याबरोबर खरे काम करायचे, चुकले की तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायचे आणि एक दिवस ते काम आपल्या हिमतीवर करायला लागायचे, ही उमेदवारी. सरकारी कागदात 'शिकाऊ उमेदवार' अजून आहे. १९६१ चा त्याचा कायदाही आहे. पण त्याची सगळी घडण कारखान्याची. वावरासाठी, गोठ्यासाठी, पन्हेरीसाठी, विहिरीवरच्या मोटारीसाठी उमेदवारीची सोय कोणी केली नाही. आपणही केली नाही.

आज मी हाच विषय मांडणार आहे. दहावी-बारावीपाशी गळलेल्या किंवा पास होऊनही हातात काही नसलेल्या आपल्या मुला-मुलींसाठी गावाने स्वतःची उमेदवारी शाळा चालवावी, असा ठराव शेवटी तुमच्यासमोर ठेवणार आहे. पण ठरावाला हात वर करण्याआधी त्यातले धोकेही ऐकून घ्या. ते लहान नाहीत.

फवारणी कोणी शिकवली?

२०१७ चा पावसाळा आठवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात गेले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. पुढे चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले, कंपन्यांनी आणि सरकारने एकमेकांकडे बोट दाखवले. त्यांची जबाबदारी आहेच आणि ती माफ करण्याचे काही कारण नाही. पण आपण आपल्याला एक प्रश्न विचारला नाही. फवारणी हे काम त्या माणसांना कोणी शिकवले होते?

पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याबरोबर वाढली होती. फवारा झाडावर मारायचा तर तो तोंडासमोरच येणार. एका टाकीत दोन-दोन, तीन-तीन औषधे मिसळलेली. उन्हातान्हात, उघड्या अंगाने, वाऱ्याकडे तोंड करून दिवसभर काम. डब्यावर रंगीत चौकोन छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आत घडी घातलेले माहितीपत्रक असते, त्यातली अक्षरे मुंगीएवढी. हे वाचून कोणी फवारायला शिकत नाही. वारा कोणत्या अंगाने आहे, नोझल कोणते लावायचे, दांडी किती उंचीवर धरायची, पाठीवरची टाकी गळते का, काम संपल्यावर कपडे कुठे काढायचे, हे कोणीतरी शेजारी उभे राहून दाखवावे लागते. एकदा नव्हे, दहादा.

त्या माणसांपैकी कितीतरी जण शाळेत गेलेले होते. त्यांना वाचता येत होते. शाळेने त्यांना परागीभवनाची आकृती काढायला शिकवली, फवारणी शिकवली नाही. दुकानदाराने डबा विकला, फवारणी शिकवली नाही. आणि गावात ज्याला नीट फवारता येत होते, त्याला 'बाबा, या चार पोरांना शिकव, तुझा दिवस भरून देतो' असे म्हणणारे कोणी नव्हते. शिकवणारा होता, शिकणारा होता, गाठ घालून देणारी व्यवस्था नव्हती. मी ज्या व्यवस्थेबद्दल बोलते आहे, ती ही.

शाळा मोडायची नाही

आता कोणी म्हणेल, ताई शाळा बंद करा म्हणतात. मुळीच नाही. चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा आपल्या मुलांचा हक्क आहे. २००९ चा कायदा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. गावच्या शाळेतले मास्तर कमी झाले, वर्ग एकत्र केले, शाळाच बंद करायचा घाट घातला, तर आपण रस्त्यावर आलेच पाहिजे. वाचता येणारे, हिशेब समजणारे, सातबारा आणि करारनामा वाचून सही करणारे मूल पाहिजे. अंगठा देणाऱ्या बापाची जमीन कशी गेली, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यांनी सांगितले की सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. त्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. आणि त्या शिक्षणात काय असावे हेही सांगितले : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची ओळख, आरोग्य, नीती, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. म्हणजे अक्षर की अवजार असा वाद फुल्यांनी घातलाच नाही. दोन्ही मागितले. आपल्याला अक्षर अर्धेमुर्धे मिळाले, अवजाराचे ज्ञान मिळालेच नाही.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला. पुढे तो आपल्या शाळांत आला. तुम्ही सगळे त्यातून गेला आहात. काय केलेत? आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, शुभेच्छापत्र, तोरण. सव्वीस जानेवारीला प्रदर्शन आणि मास्तरांची सही. ज्या वस्तूची कोणाला गरज नाही, ती मुलाने का नीट करावी? वाकडी झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही. काम खरे नसेल तर त्यातून शिकणेही खरे होत नाही.

मी स्वतः कृषी पदवीधर आहे. आमच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभव होता. विद्यार्थ्यांना गावात शेतकऱ्याकडे पाठवत. तीन वर्षे आम्ही बोंडअळी बाटलीत पाहिली होती. गावात गेल्यावर ज्यांच्या घरी आम्ही मुली जात होतो, त्या काकूंनी पऱ्हाटीतून चालता चालता एक फूल दाखवले. पाकळ्या उमलायच्या सोडून गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. डोमकळी. आत अळी असणारच. त्यांनी ते उघडून दाखवले, अळी होती. नाव, वंश, प्रजाती मला पाठ होती. शंभर झाडांतून चालताना नजर कुठे ठेवायची, हे काकूंनी शिकवले. आणि किती फुलांमागे किती डोमकळ्या दिसल्या तर फवारणीचा विचार करायचा, हे गणित मी त्यांना सांगितले. दोघींचे मिळून एक पुरे ज्ञान झाले. पदवीच्या मुलीला ही संधी मिळते. दहावीला थांबलेल्या आपल्या पोरीला का मिळू नये?

सेवाग्रामने काय शिकवले?

आपण वर्ध्यात बसलो आहोत, म्हणून ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक उद्योगाभोवती गुंफलेले, आणि त्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, असा विचार तिथे मांडला गेला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम तयार केला. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाने, आर्यनायकम दांपत्याने, ती शाळा चालवून दाखवली. नई तालीम ती हीच.

मग स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा देशभर निघाल्या आणि हळूहळू का मिटल्या? माझ्या समजुतीप्रमाणे त्याची तीन कारणे आहेत. पहिले, उद्योग हा एक तास झाला. घंटा वाजली की टकळी काढायची, घंटा वाजली की ठेवायची. दुसरे, मालाला गिऱ्हाईक नव्हते. गावाला त्या सुताची गरज आहे का, हे कोणी विचारले नाही. तिसरे आणि सर्वांत मोठे, श्रीमंतांची, अधिकाऱ्यांची, पुढाऱ्यांची मुले त्या शाळेत गेली नाहीत. ती इंग्रजी शाळेत गेली. मग गरिबाला वाटले, आपल्याला चरखा आणि त्यांना कचेरी. त्याला तसे वाटले तर त्यात त्याचे काय चुकले? सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन ही नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली आहे. जाऊन बघा. पण गावोगाव ती का रुजली नाही, हे लक्षात ठेवून बघा.

झाकिर हुसेन समितीने तेव्हाच एक धोका सांगून ठेवला होता. उत्पन्नावर नको तेवढा भर दिला तर शिक्षक मुलांकडून नुसते काम काढून घेतील आणि शिक्षण बाजूला पडेल. हा इशारा आजही तेवढाच खरा आहे.

जातीचा धंदा नव्हे

आता सर्वांत अवघड मुद्दा. आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या उमेदवारी होतीच की. सुताराचा पोर सुतारकाम शिकला, लोहाराचा लोहारकाम, चांभाराचा चामड्याचे काम. बारा बलुती म्हणजे बारा उमेदवाऱ्या. पण त्या निवडीच्या नव्हत्या, जन्माच्या होत्या. कुणब्याच्या पोराला चामडे कमवायला कोणी बसवले नाही आणि महाराच्या पोराला विद्या शिकवायला कोणी तयार नव्हते. आणि बायकांच्या हुन्नराला तर बलुतेही नव्हते. गावात चालत आलेले शिक्षण म्हणून त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९५३ साली मद्रास राज्यात राजाजी मुख्यमंत्री होते. त्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी योजना आणली. मूल अर्धा वेळ शाळेत बसेल आणि उरलेल्या वेळात आई-बापाचा धंदा शिकेल. कागदावर किती सोयीचे! पेरियार रामस्वामी आणि त्यांचे लोक उभे राहिले. त्यांनी या योजनेला नाव दिले 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे, जातीचे शिक्षण. न्हाव्याचा मुलगा न्हावीच राहावा आणि वकिलाचा वकील व्हावा, अशी ही योजना आहे, असे ते म्हणाले. राजाजींच्या स्वतःच्या पक्षातूनही विरोध झाला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना मागे घेतली.

मी पेरियारांच्या बाजूने आहे. आपल्या ठरावात 'आई-बापाचा धंदा' हे शब्द कुठेही नाहीत, ते यासाठी. शेतकऱ्याच्या मुलाने मोटार भरायला शिकावे, भूमिहीन मजुराच्या मुलीने कलमे बांधायला शिकावे, वाण्याच्या पोराने गोठ्यात उभे राहावे. आपल्या घरात जे आहे ते सोडून दुसऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्या वस्तीत जाऊन शिकायचे, हा नियमच करायचा.

दुसरा धोका बालमजुरीचा. ऊसतोडीला कोयत्यामागे गेलेले बारा वर्षांचे पोर दिवसभर काम करते. मोळ्या बांधते, वाढे गोळा करते, धाकट्याला सांभाळते. ते शिकते काय? पुढच्या वर्षीही तेच करायला शिकते. कामातून आपोआप शिक्षण होते, हे म्हणणे ज्याने असे काम केलेले नाही त्याचे. काम आणि उमेदवारी यातला फरक ओळखायच्या तीन खुणा मी सांगते. एक, मूल दर महिन्याला आधीपेक्षा अवघड काम करते का? दोन, 'असे का करायचे' हे त्याला कोणी सांगते का आणि ते लिहून ठेवते का? तीन, ठरलेल्या मुदतीनंतर ते तिथून सुटून स्वतःच्या पायावर उभे राहू शकते का? तिन्हीला 'हो' असेल तर उमेदवारी. एकालाही 'नाही' असेल तर ती फुकटची सालदारी, आणि तिला शिक्षणाचे नाव देणे हा गुन्हा समजावा.

पाबळला काय झाले?

हे जमते का? जमते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे अवर्षणग्रस्त गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे खाद्यतंत्राचे शास्त्रज्ञ. मुंबईत मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात होते. ते सोडून १९८३ साली त्यांनी पत्नी मीराताईंसह पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून बाहेर पडलेली, नापास म्हणून शिक्का बसलेली खेड्यातली पोरे घेतली. एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम. चार विभाग : शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी, आणि गृह-आरोग्य. प्रत्येकाने चारही करायचे. वेल्डिंग करणाऱ्यानेही रोपवाटिका करायची, मुलींनीही वेल्डिंग करायचे.

आपण घेण्यासारखी तिथली खरी गोष्ट ही की मुले गावाचे खरे काम करत आणि गाव त्याचे पैसे देई. माती तपासणी, विहिरीची जागा ठरवण्यासाठी भूजलाची पाहणी, फाटक-खिडक्यांचे वेल्डिंग, रक्तगट तपासणी. गिऱ्हाइकाने पैसे मोजले की ते काम कसेही चालत नाही. फाटक वाकडे झाले तर तो परत आणून टाकतो. मास्तरच्या लाल शाईपेक्षा त्याचा धाक मोठा. आणि शिकवणारा हा पगारावर बसलेला माणूस नव्हे, त्याच कामावर पोट भरणारा कारागीर असावा, हा कलबागांचा आग्रह होता. त्याच धर्तीवर आठवी ते दहावीच्या शाळांत आठवड्यातला एक दिवस मूलभूत तंत्रज्ञान शिकवण्याचा कार्यक्रमही त्यांनी रुजवला. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू राहिला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्या अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली.

पाबळला जागा होती, यंत्रे होती, कलबागांसारखा माणूस होता. प्रत्येक गावात तसा माणूस मिळणार नाही. पण गाव म्हणून आपल्याकडे जे आहे, त्याची यादी तरी करा.

गुरू गावातच आहेत

वरूड-शेंदुरजनाघाटच्या पन्हेऱ्या तुम्ही पाहिल्या आहेत. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधणारे हात तिथे आहेत. सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा काप, त्यात डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. साल फाटली तर डोळा मेला. डोळा जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर बांधला पाहिजे. खाली बांधला तर पावसाचे शिंतोडे आणि ओली माती त्या सांध्याला लागते आणि डिंक्या येतो. ही चूक रोप घेताना दिसत नाही. बाग उभी राहिल्यावर, पाच-सहा वर्षांचा खर्च झाल्यावर दिसते. म्हणून चांगला कलम बांधणारा हा नुसता मजूर नव्हे, त्याच्या बोटांवर बागाईतदाराची दहा वर्षे टांगलेली असतात. पण डोळा कोणत्या झाडाचा घ्यायचा, ते मातृवृक्ष रोगमुक्त आहे का, हे बोटांना कळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. म्हणून हात आणि शास्त्र अशी दोन्ही माणसे आपल्या शाळेत हवीत.

बियाण्याचे बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी चढल्या नाहीत. गावरान वाणांचे बियाणे निवडणे, राखेत ठेवणे, वाटणे हे त्यांनी एवढे वाढवले की २०२० साली त्यांचे नाव पद्मश्रीच्या यादीत आले. आपल्या प्रत्येक गावात एखादी तरी बाई अशी आहे. तिला कोणी 'गुरुजी' म्हटलेले नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, शाळेच्या हजेरीपटावर नव्हते, आणि शिकवणाऱ्यांच्या यादीत तर नाहीच. आपल्या यादीत तिचे नाव पहिल्या पानावर पाहिजे, आणि शिकवण्याच्या दिवसाचे पैसे तिच्याच हातात पडले पाहिजेत.

मोटार भरणारा, ठिबकच्या नळ्या साफ करणारा, गाय अडली तर रात्री ज्याच्या दाराशी आपण जातो तो माणूस, तुरीचा शेंडा कधी खुडायचा हे जाणणारी मजूर बाई, आणि बाजार समितीत मापाडी काट्याशी काय करतो हे पाहिलेला म्हातारा, हे सगळे आपले शिक्षक.

शाळा कशी चालेल?

वयाची अट : पंधरा पूर्ण. त्याच्या आत नाही. अठरा वर्षांखालचे कोणीही विषाच्या टाकीला हात लावणार नाही. त्यांनी फवारणी साध्या पाण्यावर शिकायची. पाण्यात नीळ घाला, पांढरा जुना सदरा घालून फवारायला सांगा आणि मग सदरा बघा. कुठे किती उडाले ते पोराला आपल्या डोळ्यांनी कळेल. भाषणाची गरज नाही.

मुदत : एक वर्ष, आठवड्याचे सहा दिवस. त्यातले तीन दिवस गुरूबरोबर कामावर. एक दिवस वर्ग : हिशेब, शास्त्र, कायदा, बाजार. दोन दिवस मुक्त विद्यालयाच्या दहावी-बारावीच्या तयारीला किंवा घरच्या कामाला. चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला तिथून दहावीला बसता येते, म्हणजे पुढचे दार बंद होत नाही. हे दार उघडे ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या शाळेतून निघून एखादीला डॉक्टर व्हायचे असेल तर तिची वाट आपण अडवता कामा नये.

विषय चार : पीक आणि रोपवाटिका, पाणी आणि वीज, जनावरे, हिशेब आणि बाजार. शेवटच्याला कमी लेखू नका. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. आपण पोते घेऊन जातो, ते सांगतात 'ओला आहे', आपण मान खाली घालतो. गावात एक ओलावा मोजायचे यंत्र आणि ते नीट वापरणारी दोन पोरे असली, तर माल घरीच मोजून निघेल. किती वाळवायचा हे कळेल आणि खोटे कोण बोलतो हेही कळेल.

वही : प्रत्येक उमेदवाराने रोज लिहायचे. आज काय केले, का केले, किती खर्च, काय बिघडले. ही वही हेच प्रगतिपुस्तक. परीक्षा गिऱ्हाईक घेईल. बांधलेल्या कलमांतली किती जगली, दुरुस्त केलेली मोटार किती दिवस चालली, ते मोजायचे.

पैसा : दहा मुलांचे दोन गट धरा. प्रत्येक गटाचा गुरू आठवड्याला तीन दिवस, चाळीस आठवडे. गुरूचे २४० दिवस झाले. दिवसाला ५०० रुपये धरले तर १ लाख २० हजार. तीनशे उंबऱ्यांच्या गावात घरटी ४०० रुपये. एका फवारणीच्या औषधालाही याहून जास्त पैसे जातात. आणि मुलांनी केलेल्या कामाचे पैसे येऊ लागले की हा भार उतरत जाईल. तीन महिन्यांनंतर त्या कमाईतला वाटा मुलांना रोख द्यायचा, म्हणजे फुकटच्या सालदारीचा प्रश्न येणार नाही. सरकारी मदत मिळाली तर घेऊ. २०२० च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे लिहिले आहे. दहा दिवसांत चव कळेल, काम कळणार नाही. आपण वर्ष द्यायला तयार आहोत, असे शाळेला जाऊन सांगा.

पोराचे लग्न आणि कापसाचा भाव

शेवटची शंका मला गावोगाव ऐकू येते. 'ताई, शेतीत राहिलेल्या पोराला कोणी मुलगी देत नाही. आम्ही शाळेत घालतो ते शेतीतून सुटावा म्हणून, आणि तुम्ही त्याला परत वावरात ओढता.' हा टोमणा नव्हे, हा हिशेब आहे आणि बापाचा हिशेब बरोबर आहे. शेती तोट्यात असेल तर शहाण्याने तिच्यात राहू नये. उमेदवारीने कापसाचा भाव वाढणार नाही. त्यासाठी आपली लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहील. भावाची लढाई सोडून पोरांना कौशल्य शिकवत बसा, असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पण दुसरी बाजूही बघा. शहरात गेलेला आपला पोर तिथे कोण असतो? हातात काही नसलेला बारावी पास म्हणजे पहारेकरी नाही तर हमाल. ज्याला मोटार भरता येते, कलम बांधता येते, जनावराचे दुखणे ओळखता येते, हिशेब लिहिता येतो, तो गावात राहिला तरी स्वतःच्या तीन एकरांवरच अवलंबून नाही. शहरात गेला तरी रिकाम्या हाताने जात नाही. राहावे की जावे, हे त्याला स्वतः ठरवता यावे. आज ते त्याच्यासाठी दुष्काळ ठरवतो.

म्हणून ठराव असा : या हंगामात जिल्ह्यातल्या तीन गावांनी प्रत्येकी दहा उमेदवार घ्यावेत, त्यात निम्म्या मुली असाव्यात, एकाही उमेदवाराला त्याच्या जातीचा किंवा घरचा धंदा देऊ नये, गुरूंना दिवसाचा मोबदला मिळावा, आणि वर्षअखेर सगळ्या वह्या या बैठकीसमोर उघड्या ठेवाव्यात. जमले नाही तर का जमले नाही, हेही त्या वह्यांतून दिसेल.

ज्या गावांना हे करायचे आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्याकडे नावे द्यावीत. पण आधी एक काम करा. आपल्या गावात कोणाच्या हातात काय आहे, याची यादी लिहून आणा. निदान दहा नावे, आणि त्यात निदान पाच बायकांची. ज्या गावाची यादी पुढच्या बैठकीत पहिल्यांदा येईल, तिथून सुरुवात करू.